वस्तीतील रात्रीचा आवाज : तक्रार करण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे ठरवा

तुम्ही लिहिले आहे की, तुमच्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत रात्री उशिरापर्यंत चालणारी, बार-उपाहारगृहांसारखी चार ठिकाणे सुरू झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या घरात मध्यरात्रीनंतर झोप लागत नाही, तक्रारी करून काही फरक पडलेला नाही, आणि आता रहिवाशांतच दोन तट पडले आहेत. एका तटाला ही ठिकाणे बंदच व्हायला हवी आहेत. दुसरा म्हणतो की गजबजलेल्या भागात राहायचे तर एवढे सोसलेच पाहिजे. आवाज कमी व्हावा आणि वस्तीही तुटू नये, यासाठी काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. ध्वनिमापन आणि रहिवासी व व्यावसायिक यांच्यातील मध्यस्थी अशी दोन्ही कामे मी गेली अनेक वर्षे करीत आले आहे, आणि या दोन कामांना एकमेकींपासून वेगळे काढता येत नाही असे माझे मत झाले आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

तुमच्या प्रश्नात ‘आवाज’ हा शब्द अनेकदा आला आहे, पण तो कशाचा आवाज आहे, हे एकदाही आलेले नाही. माझ्या दृष्टीने खरी अडचण येथे आहे. रात्रीच्या गल्लीतला आवाज ही एक गोष्ट नसते. भिंतीतून आणि इमारतीच्या पायातून चढत येणारा संगीताचा ठोका वेगळा, उघड्या दारा-खिडक्यांतून बाहेर पडणारे गाणे वेगळे, रस्त्यावर थांबलेल्या माणसांचे बोलणे-हसणे वेगळे, आणि ठिकाण बंद करताना होणारी रिकाम्या बाटल्यांची, खुर्च्यांची, शटरची आदळआपट वेगळी. यांतल्या प्रत्येकाचा उपाय वेगळ्या माणसाच्या हातात असतो. ठोका ध्वनियंत्रणा बसवणाऱ्याच्या हातात, दार त्या दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, बाटल्या रात्री शेवटी आवराआवर करणाऱ्याच्या हातात, आणि रस्त्यावरचे बोलणे खरे तर कोणा एकाच्या हातात नाहीच. ‘तुमचा फार आवाज होतो’ अशी तक्रार मालकाकडे गेली की तो फार तर संगीत थोडे कमी करतो. ज्याने तुमची झोप मोडते ते संगीत नसेलच, तर त्याला वाटते की आपण ऐकले, आणि तुम्हाला वाटते की त्याने ऐकले नाही. येथून कटुता सुरू होते.

म्हणून पहिले दोन आठवडे तक्रार न करता नोंद ठेवा. वेळ, काय ऐकू आले, कोणत्या खोलीत, खिडकी उघडी होती की बंद, आणि जाग आली की झोपच लागली नाही, एवढेच लिहायचे. ‘असह्य’, ‘भयंकर’ असे शब्द नोंदीत नकोत. ते खरे असले तरी त्यांवरून काही करता येत नाही. एका वस्तीत वर्षभर संगीताविरुद्ध अर्ज चालले होते. तेथल्या सहा घरांनी अशी नोंद ठेवली, तेव्हा जाग येण्याच्या बहुतेक वेळा ठिकाण बंद झाल्यानंतरच्या निघाल्या. पिशव्या भरून बाटल्या लोखंडी डब्यात ओतल्या जात होत्या. ते काम सकाळी दहावर ढकलले गेले आणि अर्ध्याहून अधिक तक्रारी थांबल्या. त्या ठिकाणचे संगीत मात्र आजही पूर्वीइतकेच आहे.

आता ठोक्याविषयी सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज तेथे होतात. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका घरी दोन रात्री मापन केले आणि पातळी मर्यादेत आहे, असा अहवाल दिला. त्या घरातल्या आजींनी माझा हात धरून पलंगाच्या लाकडावर ठेवला. पलंग तालावर थरथरत होता. माझे मापन चुकीचे नव्हते, पण मी चुकीची गोष्ट मोजली होती. भारांकन म्हणजे वेगवेगळ्या स्वरांना कमी-जास्त वजन देऊन आवाज मोजण्याची पद्धत. बहुतेक नियमांत वापरले जाणारे ‘ए’ भारांकन माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेला धरून खालचे स्वर कमी मोजते. 63 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 63 कंपनांच्या खालच्या स्वराला, ते सुमारे 26 डेसिबल वजा करते. ‘सी’ भारांकन त्याच ठिकाणी एक डेसिबलही वजा करत नाही. म्हणजे ज्या पट्ट्यात ढोलाचा आणि बास गिटारचा जोर असतो, तोच पट्टा नेहमीच्या आकड्यात जवळजवळ दिसेनासा होतो. तुमच्याकडे तपासणीला कोणी आले आणि ‘आकडा मर्यादेत आहे’ असे सांगून गेले असेल, तर त्यांना दोन्ही भारांकनांत मोजायला सांगा. दोन्हींतला फरक 15-20 डेसिबलच्या पुढे असला, तर त्रास खालच्या स्वरांचा आहे असे मी धरून चालते आणि मग 63 व 125 हर्ट्झचे पट्टे स्वतंत्रपणे पाहते.

खालचे स्वर अडवणे कठीण असते, कारण 63 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास असते. तिच्यापुढे भिंतीवर चिकटवलेल्या फोमच्या चौकोनांचा उपयोग शून्य. तो फोम आतल्या खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेर जाणारा ठोका नाही; तरीही तो लावून ‘आम्ही ध्वनिरोधन केले आहे’ असे सांगणारे मालक मला नेहमी भेटतात, आणि त्यांतले बरेच जण प्रामाणिक असतात. भिंतीचे वजन दुप्पट केले तर ढोबळ मानाने सहा डेसिबलच मिळतात, तेव्हा भिंतीवर पैसे ओतण्याआधी स्रोताकडे वळावे. स्पीकर सामाईक भिंतीला किंवा छताला बोल्टने आवळलेला असेल, तर तो अख्ख्या इमारतीलाच वाजवत असतो. त्याला तेथून काढून रबरी किंवा स्प्रिंगच्या आधारावर बसवणे हा बहुधा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा उपाय ठरतो. दोन मोठ्या स्पीकरऐवजी अनेक लहान स्पीकर माणसांच्या जवळ ठेवले, तर एकूण आवाज कमी ठेवूनही ऐकणाऱ्याला तेवढेच भरलेले वाटते. त्यानंतर लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीपुढे आवाज जाऊ न देणारे यंत्र. त्याची पातळी कागदावर ठरवू नका. मी नेहमी असे करते : एक जण रहिवाशाच्या झोपायच्या खोलीत, एक जण ध्वनियंत्रणेपाशी, दोघे फोनवर, रस्ता शांत झाल्यावर नेहमीचेच संगीत लावायचे, खोलीतला माणूस ‘आता ऐकू येत नाही’ म्हणेपर्यंत खालचे स्वर उतरवत न्यायचे, आणि तेथे यंत्र कुलूपबंद करायचे. या अर्ध्या तासात ठरलेल्या पातळीचा आदर दोन्ही बाजू करतात, कारण ती दोघांनी मिळून ठरवलेली असते. शिवाय मालकाला आयुष्यात पहिल्यांदा कळते की ती खोली त्याच्या स्पीकरपासून किती जवळ आहे.

दारातून बाहेर पडणाऱ्या गाण्यावर फार लिहिण्यासारखे नाही. दोन दारे आणि मध्ये छोटी मोकळी जागा, एक उघडे असताना दुसरे बंद, आणि ठरावीक वेळेनंतर खिडक्या बंद. अट एवढीच की आत हवा खेळती राहण्याची सोय असली पाहिजे. नाहीतर उकाड्यात दार उघडे राहणारच आणि त्यासाठी दारावरच्या माणसाला दोष देणे अन्यायाचे होईल.

रस्त्यावरच्या माणसांचा आवाज ही मात्र सर्वांत अवघड बाब आहे. त्याला लिमिटर बसवता येत नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये दाखवून दिले की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. प्रत्येक जण दुसऱ्यामुळे चढवतो आणि घोळका आपोआप मोठा बोलू लागतो. त्यात मोठ्या संगीतातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचे कान काही काळ बधिर असतात, त्यामुळे आपण ओरडतो आहोत हे त्याला कळतही नाही. बंद जागांत धूम्रपानाला मनाई झाल्यापासून अनेक ठिकाणी हा घोळका रात्रभर दारापाशी उभा असतो. येथे जे उपाय चालतात ते सगळे माणसांच्या वागण्याचे आणि जागेच्या मांडणीचे आहेत. शेवटच्या अर्ध्या तासात संगीत टप्प्याटप्प्याने उतरवायचे आणि दिवे वाढवायचे, म्हणजे कान आणि आवाज दोन्ही आतच खाली येतात. रांग आणि धूम्रपानाची जागा घरांच्या खिडक्यांखालून हलवायची. गाड्यांनी गल्लीत न येता मोठ्या रस्त्यावर थांबायचे. दारावर धिप्पाड माणसापेक्षा बोलका माणूस उभा करायचा. ‘वर लोक झोपले आहेत, जरा पुढे जाऊन बोलू या का’ हे हसून म्हणणारा एक माणूस मी पाहिलेल्या कोणत्याही पाटीपेक्षा अधिक काम करतो.

तुमच्या पहिल्या तटाची मागणी लवकर बंद करण्याची आहे. त्यात तथ्य असू शकते, पण चारही ठिकाणे एकाच मिनिटाला बंद झाली तर सगळी गर्दी एकाच मिनिटाला तुमच्या खिडकीखाली येईल, हे ध्यानात घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 साली मद्यविक्रीच्या परवान्यांच्या वेळा लवचीक झाल्या, त्यामागे हेही एक कारण होते. त्याआधी ठरलेल्या एकाच वेळी सगळे रस्त्यावर येत. वेळा पसरल्याने काही प्रमाणात गर्दी पांगली, तर काही त्रास पहाटेकडे सरकला, म्हणून मी हा उपाय रामबाण म्हणून सांगत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये 2012 पासून मिरिक मिलान यांनी ‘रात्रीचे महापौर’, म्हणजे रात्रीचे व्यवसाय, रहिवासी आणि पालिका यांच्यातील दुवा, म्हणून काम केले, त्या काळात रेम्ब्रांटप्लेन या गजबजलेल्या चौकात शुक्रवार-शनिवारच्या रात्री प्रशिक्षित यजमान फिरत असत. ते दंड करणारे अधिकारी नव्हते. लोकांशी बोलणे, वाट दाखवणे, वाद वाढण्याआधी मिटवणे हे त्यांचे काम होते. तुमच्या गल्लीला एवढा व्याप झेपणार नाही, परंतु चार ठिकाणांनी मिळून गर्दीच्या दोन रात्री एक माणूस नेमणे अशक्य नाही. मी तसे दोनदा घडवून आणले आहे. एकदा ते टिकले. दुसऱ्यांदा खर्चाच्या वाटणीवरून मोडले, कारण कोणत्या ठिकाणाने किती वाटा उचलायचा हे आम्ही आधी लिहून घेतले नव्हते.

कोण आधी आले, याला किती महत्त्व द्यावे? हे परिस्थितीवर आणि तुमच्या भागातील नियमांवर अवलंबून आहे. काही ठिकाणी कायद्यातच असे तत्त्व आहे की जो बदल घडवून आणतो, त्यानेच बदलाच्या परिणामांची काळजी घ्यावी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने ते 2014 मध्ये नियोजनात आणले आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात ते 2018 मध्ये आले. जुन्या संगीत-ठिकाणाशेजारी नवी इमारत उभी राहिली, तर ध्वनिरोधनाची जबाबदारी इमारत बांधणाऱ्यावर येते. तुमच्याकडे ठिकाणे नंतर आली आहेत, म्हणजे हे तत्त्व तुमच्या बाजूने बोलते, आणि ‘राहायला आलात तर सोसा’ हा दुसऱ्या तटाचा युक्तिवाद निदान या गल्लीपुरता उलटा आहे. तरीही मी त्याचा वापर चर्चेत शेवटी करते. ‘आम्ही आधी आलो’ या वाक्याने सुरू झालेली बैठक मी अजून यशस्वी झालेली पाहिलेली नाही.

आकड्यांचा उपयोगही जपून करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत सरासरी 30 डेसिबल आणि एकेका आवाजासाठी कमाल 45 डेसिबल अशी मूल्ये आहेत. 2009 च्या युरोपसाठीच्या सूचनांत घराबाहेर रात्रीची वार्षिक सरासरी 40 डेसिबल सुचवली आहे. ही आरोग्याच्या दृष्टीने सुचवलेली मूल्ये आहेत, तुमच्याकडची कायदेशीर मर्यादा नव्हे, आणि गजबजलेल्या बऱ्याच वस्त्यांत निव्वळ वाहनांनीच ती ओलांडली जातात. त्यांतून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सरासरी आणि एकेका आवाजाची कमाल ही दोन वेगळी मापे आहेत, आणि रात्री दोनला मारलेली एक आरोळी सरासरीत विरघळून जाते, पण झोप तीच मोडते. तुमच्या नोंदीत अशा सुट्या घटना अधिक असतील, तर सरासरीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता वस्तीतल्या दोन तटांकडे येते. अशा वेळी मी आधी इमारतींचा नकाशा काढते आणि कोणाचे मत काय, ते खोल्यांवर लिहिते. बहुतेक वेळा असे दिसते की ‘सोसा’ म्हणणाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या मागच्या बाजूला आहेत आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांच्या गल्लीवर. ज्याला मतभेद समजले जात होते, तो पुष्कळसा खिडक्यांच्या दिशेचा फरक निघतो. म्हणून वस्तीच्या बैठकीत ‘ही ठिकाणे हवीत की नकोत’ असे मत घेऊ नका. ‘आठवड्यातून किती रात्री झोप मोडते’ एवढेच विचारा. मागच्या खोलीत झोपणाऱ्यांना एखाद्या शनिवारी रात्री एक वाजता समोरच्या घरी चहाला बोलवा. हे मी विनोदाने म्हणत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका गटाचे मन अहवालाने वळले नव्हते, ते अशा एका तासाने वळले.

वस्ती म्हणताना त्या चार ठिकाणी काम करणाऱ्यांनाही त्यात धरा. स्वयंपाकी, सफाई करणारे, दारावरचा माणूस यांतले काही जण कदाचित तुमच्याच इमारतीत भाड्याने राहत असतील आणि सकाळी झोपत असतील. तुमच्या घरांत दिवसा चालणारे भिंती फोडण्याचे काम त्यांची झोप मोडते. एका बैठकीत सफाई करणाऱ्या बाईंनी हे शांतपणे सांगितले, आणि तोपर्यंत एकतर्फी चाललेले बोलणे थांबले. त्या वस्तीने घरदुरुस्तीच्या कामांच्या वेळाही त्याच कागदावर लिहिल्या. देवाणघेवाण झाल्याशिवाय ठिकाणांचे लोक आपला शब्द फार दिवस पाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पहिली भेट दुपारी चारच्या सुमारास घ्या. रात्री एक वाजता खाली उतरून केलेली तक्रार बरोबर असली तरी ती ऐकणाऱ्यासमोर पन्नास माणसे उभी असतात, आणि चार वाजता तोच माणूस खुर्ची पुढे करतो. दोघे-तिघेच जा, त्यांत दुसऱ्या तटाचा एक जण असू द्या, आणि नोंदवही बरोबर न्या. पहिली मागणी लहान आणि लगेच होण्यासारखी असावी. मालकाचा नंबर घेऊन फार उपयोग नसतो, कारण तो त्या वेळी घरी झोपलेला असतो. रात्री जागेवर असणाऱ्या व्यवस्थापकाचा नंबर घ्या आणि वस्तीकडूनही प्रत्येक आठवड्याला एकच जण फोन करील, असे ठरवा. वीस जणांचे वीस फोन गेले की तो नंबर बंद होतो.

दोन-तीन गोष्टी जमल्या की एका पानाचा करार लिहा : लिमिटरची पातळी, खिडक्या बंद करण्याची वेळ, बाटल्यांची वेळ, शेवटच्या अर्ध्या तासाचा क्रम, आणि आठ आठवड्यांनी पुन्हा बसण्याची तारीख. ‘सहकार्य करू’, ‘काळजी घेऊ’ अशी वाक्ये लिहू नका. जे पाळले की नाही ते घड्याळात किंवा यंत्रात दिसते, तेवढेच लिहा. अधिकृत तक्रारीचा हक्क सोडण्याची अट मात्र कधीही मान्य करू नका. प्रामाणिक मालक ती घालत नाही.

मध्यस्थी सगळीकडे चालते असे नाही. धमक्या, मारामारी, वारंवार शब्द मोडणे किंवा दर चार महिन्यांनी बदलणारे चालक असतील, तर चहा-बैठकांत वर्ष घालवू नका. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे नोंदवही घेऊन जा, आणि शक्यतो नूतनीकरणाच्या वेळी जा, कारण अटी घालण्याची संधी बहुधा तेव्हा असते. तारीख-वेळांसह दोन महिन्यांची सहा घरांची नोंद आणि मोडलेला लेखी करार यांपुढे ‘रहिवासी उगाच त्रास देतात’ हा बचाव टिकत नाही.

घरातल्या उपायांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे सांगते. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आधी बुजवा. त्याशिवाय जाड काचेचे पैसे वाया जातात. आतून दुसरी खिडकी बसवायची असेल तर दोन काचांमध्ये किमान 10 सेंटीमीटर अंतर ठेवा. बोलण्याच्या आवाजात चांगला फरक पडेल, ठोक्यात फारसा नाही. हे उपाय चर्चेत तुमच्याकडून पहिल्यांदा पुढे येऊ देऊ नका, कारण मग आवाजाची जबाबदारी अलगद तुमच्या चौकटीवर येऊन बसते. ठिकाणांनी खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली तर नाकारूही नका.

तुमच्या जागी मी असते तर चारांपैकी ज्या ठिकाणाची भिंत तुमच्या इमारतीला लागून आहे, तेथून सुरुवात केली असती. ते कोणते आहे हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. दोन आठवड्यांची नोंद झाली की एवढे जरूर लिहा : खिडक्या घट्ट बंद असताना ठोका जाणवतो का, उशीला कान लावल्यावर तो वाढतो का, आणि जाग आलेल्या वेळांपैकी किती ठिकाणे बंद झाल्यानंतरच्या आहेत. त्यावरून पहिली भेट ध्वनियंत्रणेविषयी घ्यायची की बाटल्यांविषयी, ते सांगता येईल.